भोंग्यावरची आई

माझी आई हल्ली माझ्याशी फोनवर मोजकंच बोलते. सगळं खुशाल आहे, पाऊस बरा आहे, जेवलीस का, ठेवते. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी तिचा फोन संपवायचा तर गॅसवर दूध उतू चाललंय असं मला खोटंच सांगावं लागायचं, आणि तरी ती म्हणायची, "दूध बघून ये, मी थांबते." आता मी बोलत राहते आणि ती ठेवायची घाई करते. हे माझ्यामुळे झालं. दुसऱ्या कोणावर ढकलता येईल का, हे मी बरंच चाचपून पाहिलं, पण हाताला काही लागलं नाही.

मी जाहिराती लिहिते. कुठल्या कंपनीत नाही, घरातूनच, जो बोलावेल त्याच्यासाठी. फ्रीलान्स कॉपीरायटर असं त्याला म्हणतात, पण हा शब्द आमच्या औरंगाबादच्या सिडकोतल्या गल्लीत चालत नाही. सासूबाई शेजारणींना सांगतात, "ती घरीच असते, लॅपटॉपवर काहीतरी करत बसते." नवरा वाळूजला एका कारखान्यात पाळीवर जातो. तो जाताना मी ज्या खुर्चीत असते त्याच खुर्चीत तो आल्यावरही असते, त्यामुळे मधल्या वेळात मी उठलेच नाही असा त्याचाही प्रामाणिक समज आहे. साडीची दुकानं, क्लासेस, दातांचे दवाखाने, प्लॉटवाले, मंगल कार्यालयं ही माझी गिऱ्हाइकं. सगळ्यांचं पालुपद एकच, "दोनच ओळी तर आहेत, ताई." त्या दोन ओळी तुम्हीच का नाही लिहीत, असं विचारायची मला फार इच्छा असते. मी "हो, पाठवते" म्हणते.

त्याआधी मी एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत होते. बातम्यांच्या टेबलाशी पुरुष आणि पुरवणीत बायका अशी तिथली वाटणी होती. आमच्या वाट्याला उपवासाचे पदार्थ, गळणारे केस आणि आठ मार्च. पुरवणी बंद झाली तेव्हा आम्हा सगळ्याजणींना एकाच दुपारी निरोप मिळाला. त्या कार्यालयात बायकांना मिळालेली ती पहिली समान वागणूक.

माझी एक मैत्रीण तेव्हा इथल्याच एका केबल वाहिनीवर बातम्या द्यायची. बाळंतपणाची रजा संपवून परत गेली तर तिच्या खुर्चीत दुसरी मुलगी बसलेली. "आवाज तुमचाच चांगला आहे मॅडम, पण पडद्यावर जरा फ्रेश चेहरा पाहिजे," असं तिला सांगण्यात आलं. तेव्हापासून ती घरी, कपड्यांच्या कपाटात डोकं घालून जाहिराती रेकॉर्ड करते. कपाटात आवाज घुमत नाही. मी लिहायचं आणि तिनं साड्यांच्या घड्यांमध्ये तोंड खुपसून बोलायचं, असा आमचा दोघींचा धंदा कित्येक वर्षं चालू आहे. गुलमंडीपासून बीड बायपासपर्यंत जो गोड आवाज "त्वरा करा" म्हणतो, तो तिचा.

सणासुदीचे दिवस म्हणजे आमची सुगी. आमच्या कामात सण महिनाभर आधी येतो आणि खरोखरचा उजाडतो तेव्हा आम्ही पुढच्या सणात असतो. गेल्या वर्षी नागपंचमीसाठी मी एका साडीवाल्यासाठी माहेरच्या वाटेवर लिहिलं, एका मिठाईवाल्यासाठी आईच्या हातावर लिहिलं आणि एका दुचाकीच्या शोरूमसाठी 'माहेर आता किती जवळ!' असं लिहिलं. माझं माहेर पिशोरला. कन्नड तालुक्यात, सकाळची एसटी धरली तर जेवायला पोचता येतं. आमच्याकडे पंचमीला लेकी माहेरी जातात म्हणजे जातातच. दिवाळी एकवेळ चुकली तर चालते. मी गेले नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण बहुधा माझ्यासारख्याच कोणा पोटार्थी बाईला पाहून सुचली असेल.

पंचमीच्या दुपारी आईचा व्हॉइस मेसेज आला. लिहिणं तिला जमतं, पण आवडत नाही. माझी भाची तिला बटण दाबून देते आणि ती फोन तोंडासमोर आरशासारखा धरून बोलते. सुरुवातीला नेहमीप्रमाणे भाचीला विचारणं होतं, "झालं का चालू?" मग ती म्हणाली, "अगं, येती का नाय? समद्या आल्या, तूच राह्यली! लिंबाला झोका बांधलाय. दिंड केलेत पुरनाचे, गार होऊ राह्यलेत. मी वाट बघू का झाकून ठिवू, तेवढं तरी सांग बाई." मागे कोंबड्या होत्या, वहिनीच्या कुकरची शिटी होती, झोक्यावर बायकांचं गाणं होतं. शेवटी "हे बंद कुठून करतेत गं?" आणि तुटलं.

मी त्याला एक अंगठा पाठवला आणि 'महालक्ष्म्यांना नक्की' असं लिहिलं. तो मेसेज मात्र मी पुन्हा ऐकला. "येती का नाय" मध्ये राग होता आणि "तूच राह्यली" म्हणताना तिचा आवाज मध्येच खाली बसला होता. मला वाईट वाटलं, आणि लगेच पाठोपाठ असंही वाटलं की काय बोलते ही बाई! जाहिरातीचा मजकूर म्हणून बघितलं तर एक शब्द इकडचा तिकडे करायला नको. ही सवय वाईट आहे. पुरवणीत असतानाच लागली असावी. कोणी समोर रडत असलं तरी त्यातलं शीर्षक कोणतं होईल, हे डोक्यात एका कोपऱ्यात चालू असतं.

पंचमी झाली आणि एका साडीच्या दुकानाचं काम आलं. आमच्याकडे भाद्रपदात ज्येष्ठा-कनिष्ठा बसतात, त्यांना आम्ही महालक्ष्म्या म्हणतो. दोघींना साड्या एकसारख्या लागतात, म्हणून दुकानदार त्या दिवसांत साड्या जोडीनं विकतात. शेठना भोंग्याच्या टेम्पोवर वाजवायला आणि रेडिओवर लावायला जाहिरात हवी होती. मी लिहिलेलं एक, दुसरं, तिसरं, सगळं त्यांनी परत पाठवलं.

"ताई, हे पुण्याचं वाटतं," शेठ म्हणाले. "आपल्या बायांचं पाहिजे. गावाकडची सासू कशी बोलावती सुनंला, तसं. दिल से."

मी पिशोरची, आणि हा मला गावाकडचं शिकवतोय! पण खोटं कशाला बोलू, त्याचं बरोबर होतं. माझं लिहिणं इतकं धुऊन-पुसून झालं होतं की त्यात पिशोर कुठे औषधालाही राहिलं नव्हतं. मग मी इरेला पेटले आणि आईचंच वाक्य उचललं. येती का नाय, समद्या आल्या, तूच राह्यली. त्याच्यापुढे महालक्ष्म्या आल्या, नव्या साड्या आल्या, तूच कशी राहिलीस दुकानात यायची, असं जोडलं. शेठ खूश झाले.

मैत्रिणीनं ते कपाटात बसून रेकॉर्ड केलं. तिचं आयुष्य स्वच्छ भाषेत बातम्या देण्यात गेलेलं. तिच्या तोंडी ते वाक्य म्हणजे गावाकडच्या बाईनं धरणाच्या पाणीसाठ्याची माहिती द्यावी तसं झालं. तीच वैतागून म्हणाली, "अगं, तो हेल मला सापडत नाहीये. तुझ्या आईचंच काहीतरी पाठव ना ऐकायला."

आमच्या धंद्यात याला रेफरन्स म्हणतात. असं काहीतरी हवं, हे दाखवायला दुसऱ्याचं काहीतरी पाठवायचं. ऐकायचं आणि विसरायचं. दिवसातून कितीदा आम्ही ते करतो. मी आईचा पंचमीचा मेसेज तिला पाठवला, तिनं तो ऐकून पुन्हा रेकॉर्डिंग केलं आणि दोन्ही मिळून स्टुडिओत पाठवून दिलं, म्हणजे जोडणाऱ्या मुलाला चाल कळेल. त्या मुलानं दोन्ही आवाज वरखाली लावून ठेवले. आणि नेमके त्याच वेळी शेठ, कोणी न बोलावता, बघू कुठवर आलंय म्हणून स्टुडिओत गेले.

मला फोन आला तेव्हा मी एका क्लासच्या 'यशाची परंपरा' मध्ये अडकले होते. मैत्रीण बोलत होती. "शेठनी तुझ्या आईचा आवाज ऐकला. म्हणतायत, हाच पाहिजे. दुसरा नकोच म्हणतायत. काय करू?"

मी हसले. खरं सांगायचं तर मला अभिमानच वाटला.

"आईला विचारतेस का?" ती म्हणाली.

"विचारायचं काय त्यात? माझीच तर आई आहे. लावा."

"अगं, एकदा फोन तरी करून टाक."

"करते," मी म्हटलं. "तुम्ही लावा."

मी फोन केला नाही. केला असता तर तुझा मेसेज मी लोकांना ऐकवला, हे आधी सांगावं लागलं असतं. मग तो कोणाला ऐकवला, का ऐकवला, दुकान कुठलं, हे सगळं आलं असतं, आणि मला क्लासचं काम संध्याकाळी द्यायचं होतं. शिवाय शहरातल्या टेम्पोवर काय वाजतं हे पिशोरला कोण ऐकायला जातंय, असा हिशेब मी मनाशी केला. शेठनी कन्नडला नवं दुकान काढलंय आणि टेम्पो तालुक्यातले आठवडी बाजार धरून फिरणार आहे, हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नाही. जाहिरात कुठे वाजणार आहे हे जाहिरात लिहिणारीनं पहिलं विचारायचं असतं. लिहिलेलं कोण वाचणार ते आधी विचारा, असं मी पुरवणीतल्या नव्या मुलींना शिकवत होते.

मैत्रिणीचं रेकॉर्डिंग अर्थातच बाजूला पडलं. "चेहरा आधी गेला होता, आता आवाजही गेला," ती म्हणाली आणि मोठ्यानं हसली. मीही हसले. तिला काय वाटलं असेल याचा विचार मी फार नंतर केला, आणि तोही आईचं झाल्यावर, ओघाओघात.

तयार जाहिरात आली. स्टुडिओतल्या मुलानं कोंबड्या काढल्या होत्या, कुकर काढला होता, झोक्यावरचं गाणं काढलं होतं. भाचीला विचारलेलं "झालं का चालू" कापलं होतं, दिंडांचं आणि वाट बघण्याचंही कापलं होतं. उरलं होतं ते एवढंच: "अगं, येती का नाय? समद्या आल्या, तूच राह्यली!" त्याच्यामागे ढोलकी, मग एका पुरुषाचा दणदणीत आवाज आणि दुकानाचा पत्ता. ऐकायला फार छान झालं होतं. मी ते हेडफोन लावून ऐकलं आणि स्वतःशी मान डोलावली.

जाहिरात इतकी चालली की विचारू नका. पीर बाजारातला भाजीवाला गिऱ्हाइकाला तसं बोलवायला लागला. नवऱ्याच्या कंपनीच्या बसमध्ये जो उशिरा यायचा त्याला सगळे एका सुरात "तूच राह्यली!" म्हणायचे. नवऱ्यानं तिथे अभिमानानं सांगितलं, "आमच्या सासूबाईंचा आवाज आहे तो." सासूबाईंनाही पहिल्यांदाच कळलं की मी लॅपटॉपवर नक्की काय करते. मला दोन नवी कामं आली. त्या आठवड्यात मी फार खुशीत होते, आणि त्या खुशीची आठवण आली की आजही मान खाली जाते.

मग वहिनीचा फोन आला. वहिनी कधी चढ्या आवाजात बोलत नाही, तेव्हाही बोलली नाही. आईला ती आत्याबाई म्हणते.

"ताई, बाजारात गाडी आलती," ती म्हणाली. "आत्याबाई अन् मी फुलवाती घेऊ राह्यलो व्हतो. भोंगा वाजला तं आत्याबाई म्हन्ल्या, हे कोन गं माझ्यावानी बोलू राह्यलं? पुन्ना वाजलं. मग तिथंच हुब्या राह्यल्या. हातातली पिशवी खाली ठिवली."

"मग?"

"मग काय, समद्या बाया गोळा झाल्या. पंचमीला तुमी नाय आल्या हे गावाला माहीत हाये ना, ताई. झोक्यावरच्या बायांम्होरंच तं बोलल्या व्हत्या त्या फोनमंधी. एकजन म्हन्ली बी, लेक यीना म्हून आता गाडी लावून बोलवू राह्यली का काय माय."

वहिनी पुढे बोलत होती, आणि पुढचं मला जास्त लागलं.

"आत्याबाई हासल्या," वहिनी म्हणाली. "म्हन्ल्या, व्हय, माझाच आवाज हाये. लेकीनं नेलं व्हतं मला औरंगाबादला. गाडी पाठवली व्हती. कानाला डबडे लावले, चहापानी केलं, अन् म्हन्ली, आई, अस्सं म्हन. ती यायचीच व्हती पंचमीला, पन काम निघालं म्हून नाय आली, तं मागून मलाच नेलं. असं सांगितलं त्यायनं. मला बी म्हन्ल्या, व्हय ना गं? मी म्हन्लं, व्हय."

वहिनीनं विचारलं, "तुमी खरंच नेलतं का त्यायला, मला ठावं नसताना?" तिला उत्तर ठाऊक होतं. आई त्या दिवसांत गावाबाहेर गेलीही नव्हती.

आई त्या दिवशी मला ओरडली असती, शिव्या घातल्या असत्या, तर मी हात जोडून सुटले असते. पण तिनं बाजारात, पिशवी खाली ठेवून, उभ्या उभ्या माझी इज्जत सावरायला एक गोष्ट रचली. मी गोष्टी रचून पोट भरते. तिनं आयुष्यात बहुधा तेवढी एकच रचली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, असं तिनं मनात म्हटलं असेल, आणि पुढे गेली असेल.

मी शेठना फोन करून जाहिरात काढायला सांगितलं. ते म्हणाले, "ताई, महालक्ष्म्या होऊ द्या, आपोआप बंद होती." मी खूप चिडले. पण चिडायला माझ्याकडे जागा नव्हती. 'लावा' हे मीच म्हटलं होतं. ते माझ्या आवाजात होतं आणि त्यातून काही काढता येत नव्हतं.

महालक्ष्म्यांच्या जेवणाला मी पिशोरला गेले. पुढच्या खोलीत दोघी उभ्या होत्या, एकसारख्या हिरव्या साड्या, समोर फराळाची आरास. त्या साड्या त्या दुकानातल्या नव्हत्या, हे मी आल्या आल्या बघितलं. संध्याकाळी हळदी-कुंकवाला बायका आल्या आणि अपेक्षेप्रमाणे विषय निघालाच.

"काय गं, मायला घेऊन गेल्ती म्हनं मोठ्या हापिसात?" एका काकूंनी विचारलं.

आईनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या हातात कुंकवाचा करंडा होता. तेवढ्यात तिनं नजर खाली केली, म्हणजे मला जे बोलायचं असेल ते बोलता यावं.

मी बोलले. म्हटलं, हो, काचेची खोली होती. एसी इतका गार की आईला मी माझी शाल दिली. आईनं एका दमात म्हटलं, पुन्हा म्हणायला लागलंच नाही, तिथले सगळे थक्क झाले. निघताना शेठ स्वतः दारापर्यंत आले. बायका "अगं माय!" म्हणाल्या. मी सांगत होते आणि एकेक तपशील आपोआप जागच्या जागी बसत होता. उचलली जीभ लावली टाळ्याला. शालीचं मला इतकं खरं वाटलं की तिचा रंगसुद्धा मी सांगितला. एका क्षणी आई माझ्याकडे बघायला लागली, आणि तिचा चेहरा असा झाला की तीही ऐकतेय, की कसं होतं बरं ते. ते खरोखर व्हायला काही कठीण नव्हतं. एक फोन आणि एक गाडी.

बायका गेल्यावर ती स्वयंपाकघरात उरलेलं पुरण डब्यात भरत होती. मी मागे जाऊन उभी राहिले.

"आई, चुकलं माझं."

"चुकलं काय त्यात," ती म्हणाली. "आवाज चांगला आलता म्हनतेत लोकं."

"मी विचारायला पाहिजे होतं."

ती डब्याचं झाकण लावत होती. ते जुनं होतं, नीट बसत नव्हतं. तिनं ते दाबून बसवलं आणि मग म्हणाली, "मी तुला एकलीला बोलले व्हते, बाई."

एवढंच. पुन्हा कधी तिनं तो विषय काढला नाही. मी ओट्याला टेकून रडले तर म्हणाली, "सणाचं रडत नसतेत," आणि मला पुरणाचा डबा हातात दिला, शहरात नेण्यासाठी.

त्यानंतर तिचे व्हॉइस मेसेज बंद झाले. भाचीला मी विचारलं, तर म्हणाली, "आजी म्हन्ते नको, फोनच कर." आणि फोनवर ती पाव्हण्यांशी बोलावं तशी बोलते. वाक्यं पूर्ण करते. कोणाचं काही वाईट सांगत नाही, गुडघ्याचं सांगत नाही, दादावर रागावत नाही. एकदा बोलता बोलता "तुला सांगते, त्या पलीकडचीनं..." असं सुरू झालं आणि ती थांबली. म्हणाली, "जाऊ दे. पाऊस हाये का तिकडं?"

दिवाळीत शेठचा फोन आला. "ताई, ती आजी परत पाहिजे. तिचं काहीतरी नवीन टाकू. पब्लिक विचारतंय."

"त्या आजी आता बोलत नाहीत," मी म्हटलं.

"अरेरे! काय झालं?"

"काही नाही. बोलत नाहीत." शेठनी बहुधा भलताच अर्थ घेतला, कारण त्यांनी हळू आवाजात "भगवान की मर्जी" म्हटलं आणि ठेवून दिलं. मी त्यांना सुधारलं नाही. ते काम मग मैत्रिणीला मिळालं, कपाटातल्या स्वच्छ आवाजात. त्या दिवशी मी तिची माफी मागितली, तर ती म्हणाली, "तू माझी काय मागतेस? तुझी माफी जिथं अडकलीये तिथं बघ."

या वर्षीच्या पंचमीला आईनं मला बोलावलं नाही. "तुला काम असंल," एवढंच म्हणाली. तिचं ते जुनं ओरडणं ऐकायला मी आठवडाभर थांबले. माझ्याकडे ते वाक्य आहे, स्टुडिओत स्वच्छ केलेलं. मी ते लावून पाहिलं आणि लगेच बंद केलं. मग दोन कामं सरळ नाही म्हणून सांगितली आणि सकाळची एसटी धरली.

मला दारात बघून ती क्षणभर गोंधळली. मग "आली का!" म्हणाली आणि पायांवर पाणी घालायला वळली. लिंबाला झोका होता. त्या दिवशी आमच्याकडे चिरायचं नाही, तवा टाकायचा नाही, म्हणून दिंड उकडायला ठेवले होते. बायकांनी मला झोक्यावर बसवलं. एकीनं मोठ्यानं "तूच राह्यली!" म्हटलं, सगळ्या हसल्या, आई पण हसली, आणि मी झोका जोरात चढवला म्हणजे कोणाला माझं तोंड दिसू नये.

जेवणं झाल्यावर सगळे पांगले. मी पुढच्या खोलीत बाजेवर आडवी झाले. आई आली, माझ्या पायांपाशी बसली, आणि बराच वेळ माझ्या पैंजणाची कडी नुसतीच फिरवत राहिली. तिला काहीतरी सांगायचं होतं. लहानपणापासून मला ती कडी फिरवणं माहीत आहे. मी हलले नाही.

"तुला एक सांगायचं व्हतं," ती म्हणाली.

"सांग ना."

तिची नजर आम्हा दोघींच्या मध्ये बाजेवर पडलेल्या माझ्या फोनवर गेली.

"हे बंद हाये का?"

"रेकॉर्डिंग बंद आहे, आई. खरंच. बघ."

मी दाखवला. तिनं बघितला, मान हलवली. मग उठली, तो फोन दोन्ही हातांनी उचलला, आतल्या खोलीत जाऊन गव्हाच्या कोठीवर ठेवून आली. येताना दार लोटून घेतलं. कडीही लावली.

"हं," ती माझ्या शेजारी बसत म्हणाली. "आता सांगते."

ती जे बोलली ते इथं येणार नाही. पण ती बोलत असताना आत फोन वाजला. ती मध्येच थांबली आणि कडी लावलेल्या दाराकडे बघत राहिली. फोन बराच वेळ वाजला. मी उठले नाही. तो गप्प झाल्यावर ती माझ्या आणखी जवळ सरकली आणि आधीपेक्षा हळू आवाजात पुढचं सांगायला लागली.